दगडावरच्या ओळीला अध्याय नाही

गुरुजी,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. हयात माणसांत ती ऐकून घेण्याच्या योग्यतेचं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुमच्याकडं आलो. माझा फोन मला शाबासकी देतो. रोज सकाळी बायबलचा नेमलेला भाग वाचून झाला की पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात, लग्नात उडवतात तसे, आणि खाली अक्षरं येतात, ‘शाब्बास! आजही तुम्ही वाचलंत!’ एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तोच फोन दुखावलेल्या सासूसारखा विचारतो, ‘काल दिसला नाहीत?’ पन्नाशी उलटलेल्या, दोन्ही गुडघ्यांतून आवाज येणाऱ्या, जन्मभर पोरांकडून ‘देव’ शब्द चालवून घेतलेल्या संस्कृतच्या मास्तराला हे सोसावं लागतं आहे. तुमच्या हाताखाली मी शाळेची सगळी वर्षं काढली. एवढ्या काळात तुम्ही मला एकदाही शाब्बास म्हणाला नाहीत. ‘ठीक’ असं दोनदा म्हणालात, आणि त्यातलं एक बहुधा गुरुपत्नींनी आणलेल्या चहाला होतं. मी त्या उरलेल्या एका ‘ठीक’वर इतकी वर्षं तग धरला, आणि आता एक यंत्र रोज सकाळी माझ्यावर अक्षता टाकतं. ते बंद करायचं बटण असतं म्हणे. मला सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर फार शोधलेलंही नाही.

पण हे यंत्र तुम्हाला दाखवायला हवं होतं. फोनवर असतं ते त्याचं धाकटं रूप. खरा पसारा लॅपटॉपवर. एका खिडकीत मूळ हिब्रू, शेजारी ग्रीक, खाली आपलं मराठी जुनं भाषांतर, त्याच्याशेजारी नवं, आणि कडेला टीकाकारांची रांग, पंगतीला बसल्यासारखी. शब्दावर बोट टेकलं की त्याचा धातू, त्याचं रूप, आणि तो सगळ्या ग्रंथात आणखी कुठं कुठं आला आहे त्याची यादी समोर. ज्या सूचीसाठी तुमच्यासारख्यांनी डोळे घालवले, ती अर्ध्या श्वासात येते. ग्रीक क्रियापदांची रूपं पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्याच भावकीतली. हिब्रू मात्र अजून पावणीच आहे, उजवीकडून येते आणि डावीकडून निघून जाते, घरात रुळत नाही. बायको म्हणते, ‘त्या खिडक्या उघडत बसता त्यापेक्षा घरच्या खिडक्या पुसा, तिथनं खरंच काहीतरी दिसेल.’ तिचं म्हणणं बरोबर असतं, हे मी तिला कळू देत नाही.

तुमचा नियम मात्र मी मोडलेला नाही. आधी चूक, मग कोश. तुमच्या स्वयंपाकघरात, गुरुपत्नी भाकरी थापत असताना, पाटावर बसून तो मी शिकलो. बाहेरच्या खोलीत पाहुणे असले की तुम्ही मला आत घ्यायचात. माझे वडील एका दवाखान्यात कंपाउंडर, रविवारी चर्चमध्ये वाचन करणारे. ख्रिस्ती पोराला संस्कृत शिकायचं आहे म्हटल्यावर आमच्या मंडळींतल्या काहींनी भुवया वर केल्या आणि तुमच्या गल्लीतल्या काहींनीही. भुवयांच्या बाबतीत दोन्ही समाजांत पूर्ण ऐक्य होतं. तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच विचारलंत, ‘घरी काय वाचता?’ मी घाबरत म्हणालो, बायबल. ‘मग उद्या ते घेऊन ये.’ दुसऱ्या दिवशी मी आमचं काळ्या पुठ्ठ्याचं बायबल पिशवीतून काढतो आहे, तुम्ही हात धुऊन ते घेता आहात, पान उघडता आहात, आणि एकदम तुमचा चेहरा उजळतो. ‘तुम्ही याला ओवी म्हणता? अध्याय आणि ओवी? मग काय, आपलं जमलं.’ त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एका स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांचा अन्वय करून घेतलात. प्रत्येक अवघड शब्दाला माझा हात कोशाकडं जायचा आणि तुमचा हात कोशावर यायचा. ‘आधी तुला काय वाटतं ते सांग. चूक सांग. स्वतःची चूक नसेल तर कोशातलं बरोबर तुझ्या काय कामाचं?’ म्हणून आजही मी मराठी पान आधी एकटंच वाचतो. काय वाटलं ते वहीच्या पाठकोऱ्या कागदावर खरडतो. मग लॅपटॉप उघडतो आणि माझ्या चुका रांगेनं उभ्या राहतात. त्या पाहायला मजा येते. तुम्हाला आली असती.

बारावीनंतर तुम्ही मला एक पुस्तक दिलंत. रद्दीवाल्याकडून आणलेलं, कुठल्याशा जुन्या काळच्या साहेबानं केलेलं बायबलच्या काही भागाचं संस्कृत भाषांतर. देताना म्हणालात, ‘हे वाचून व्याकरणकार रडणार नाहीत, पण जेवायलाही बसणार नाहीत. तरी ठेव.’ ते माझ्याकडं आहे. त्या साहेबाला कुणीतरी आधी कोशावर हात ठेवणारं हवं होतं.

आता मुद्द्याला येतो. तुम्ही असतात तर एव्हाना म्हणाला असतात, ‘प्रस्तावना संपली असेल तर ग्रंथ सुरू कर.’

आमच्या मंडळींत एक काकी आहेत. नात्यानं कुणाच्याच नाहीत, हुद्द्यानं सगळ्यांच्या. महिला मंडळ त्यांच्या धाकात, चर्चच्या जेवणावळीतलं मटण त्यांच्या धाकात, आणि आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण असल्यामुळं तेही. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो कधीच गेला. थोरला मुलगा गेल्या वर्षी गेला. कामावरून कसबा बावड्याला घरी येत होता, वाटेत छातीत कळ आली, मोटारसायकल कडेला लावली आणि तिथंच बसला. पंचेचाळिशीही नव्हती. या मुलानं बापाच्या मयताच्या वेळी आमच्यातल्या कुणाशी तरी तोंडातोंडी केली होती आणि तेव्हापासून चर्चची पायरी चढला नव्हता. काकी दर रविवारी त्याच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवायच्या, त्यावर पर्स ठेवायच्या, आणि कुणी बसायला आलं तर अशा बघायच्या की माणूस उभ्यानंच उपासना करायचा. पोरगा आला नाही तो नाहीच. मग त्याच्या मातीला, मिरजेकडचे त्यांचे एक दीर, भले गृहस्थ, प्रार्थना करणारे, कुणाला तरी हळूच म्हणाले, ‘शेवटच्या घडीला प्रभूचं नाव घेतलं का नाही कुणास ठाऊक. बाहेरच राहिला म्हणायचा.’ हळूच म्हणाले, पण काकींचे कान आयुष्यभर पंगतीच्या टोकाचं कुजबुजणं ऐकून तयार झालेले. त्यांनी ते ऐकलं.

त्यानंतर काकी चर्चला यायच्या, बसायच्या, गाणं मात्र म्हणायच्या नाहीत. पर्स मांडीवर. त्यांचं जेवण तुटलं. आमच्या बायकोनं दोनदा डबा नेला, दोनदा तो रिकामाच परत आला, धुऊन, आत चिमूटभर साखरही न घालता, ज्याचा अर्थ बायकांना बरोबर कळतो. वर्ष भरत आलं आणि एके दुपारी काकी आमच्या दारात.

‘हायस का रं घरात?’

‘या की काकी, बसा.’

‘बसाय येळ न्हाय. तुझ्या त्या डब्यात समदं बायबल हाय म्हणं?’

‘आहे की.’

‘आक्खं?’

‘आख्खं. तीन-चार तऱ्हेचं.’

‘मग मला एक वचन हुडकून दे. पोराच्या दगडावर घालायचं हाय. वर्षस्मरणाला दगड बसवायचा म्हंते.’

आमच्यात, गुरुजी, थडग्याच्या दगडावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एक वचन असतं. वचनाखाली त्याचा पत्ता लागतोच. पुस्तकाचं नाव, अध्याय, ओवी. पत्त्याशिवाय वचन म्हणजे आडनावाशिवाय जावई. काकींनी वचन तोंडपाठ सांगितलं. बसायला वेळ नव्हता, पण हे सांगताना त्या खुर्चीवर टेकल्या.

‘लेकरू घरी येस्तोवर देव दिवा इझवत न्हाय.’

मी विचारलं, कुठं वाचलं?

‘वाचलं न्हाय रं. माझी आई म्हणायची. बाप कामावरनं उशिरा यायचा, भाऊ तर कवाबी यायचा, आई कंदील घिऊन बसायची आन् हेच म्हणायची. यशयात हाय, न्हायतर यिर्मयात. तू बघ की. माझं पोरगं उशिरा यायलं हुतं, एवढंच. कुणी कायबी म्हणू दे.’

म्हणजे कळलं तुम्हाला? दिराच्या त्या एका वाक्याला ही बाई दगडावर कोरून उत्तर देणार होती. आणि ते उत्तर बायबलाचंच हवं होतं, दुसऱ्या कशाचंही चाललं नसतं. मी म्हणालो, दोन मिनिटांत सांगतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच, कोश जवळ असला की मला फार धीर येतो.

दोन मिनिटांत यंत्रानं सांगितलं, ‘काही आढळलं नाही. शब्द तपासून पाहा.’ मी काकींना म्हणालो, जरा सवडीनं बघतो. शब्द तपासले. दिवा, दीप, वात. लेकरू, मूल, पुत्र. जुनं भाषांतर, नवं भाषांतर, मग इंग्रजी, मग मुळात शिरलो, दिव्याचे हिब्रू आणि ग्रीक शब्द पकडून ते जिथं जिथं आले ती प्रत्येक ओवी वाचली. टीकाकारांच्या पंगतीत प्रत्येकाच्या पानावर वाकून पाहिलं. मिळालं काय? एका ठिकाणी विझत आलेली वात आहे आणि ती न मालवणारा एक सेवक आहे. एका ठिकाणी एक बाई दिवा लावून, घर झाडून, हरवलेलं नाणं शोधते. एका ठिकाणी एक बाप आहे, त्याचा धाकटा सगळं उधळून परत येतो आहे, आणि तो अजून लांब असतानाच बापाला दिसतो. सगळं होतं. काकींच्या आईची ओळ तेवढी नव्हती. कुठंच नव्हती. हे मी कुणाला विचारून सांगत नव्हतो, संशय असावा इतकीही फट यंत्रानं ठेवली नव्हती. पूर्वीच्या काळी असं झालं असतं तर माणूस म्हणाला असता, असेल कुठंतरी, मोठा ग्रंथ आहे. तेवढा आडोसा आता राहिला नाही.

मग मला मोह झाला. सांगून टाकावा कुठलातरी अध्याय. स्तोत्रांत ओव्या काय थोड्या आहेत? दगडावरचा आकडा कोण ताडून बघतो? दिरांनी बघितला तरी म्हणता येईल, जुन्या भाषांतरात आहे. पंधरा दिवस मी रोज सकाळी हे मनाशी घोळवत होतो आणि रोज सकाळी यंत्र मला शाब्बास म्हणत होतं.

त्या पंधरा दिवसांत तुमचा तो प्रसंग आठवायचा. शाळेत संस्कृत दिनाला बाहेरचे एक पाहुणे बोलायला आले होते. त्यांनी एक गोड श्लोक म्हटला आणि तो एका थोर उपनिषदाच्या नावावर चढवला. टाळ्या पडल्या. आभार मानायला तुम्ही उठलात. मला वाटलं आता सोडणार नाहीत. तुम्ही पाहुण्यांना नारळ दिलात, हार घातलात, आणि रिक्षात बसवून आल्यावर व्हरांड्यात मला म्हणालात, ‘श्लोक चांगला होता. ज्यानं केला त्यानं तो निनावी सोडला, त्यात काही बिघडलं नाही. सगळ्यांच्या मुळाचा पत्ता लागतोच असं नाही. नाही लागला तर आपल्या जुन्या लोकांनी काय लिहून ठेवलंय? मूलं मृग्यम्. मूळ शोधायचं आहे. संपलं. त्यात कमीपणा कसला? पण चांगल्या पोराला भलत्याच बापाचं नाव लावू नये.’

शेवटी एका सकाळी मी तुमच्या पद्धतीनं गेलो. सगळ्या खिडक्या बंद केल्या, टीकाकारांना पंगतीवरून उठवलं, आणि त्या बापाची आणि धाकट्याची गोष्ट मराठीतून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं वाचली. त्याच्या आधीची नाण्याची गोष्ट वाचली. लांब असतानाच दिसला, तर दिसला कसा? वाटेकडं बघत असल्याशिवाय दिसेल? आणि ज्याला रोज वाटेकडं बघायचं आहे तो अंधार पडल्यावर काय करेल? हे गोष्टीत लिहिलेलं नाही. काकींच्या आईनं ते भरून काढलं होतं. तुम्ही अन्वय करताना म्हणायचात ना, ‘इथं एक पद अध्याहृत आहे, कवीनं ते तुझ्यावर सोडलंय’, तसं. मला इतकं हलकं वाटलं की मी लॅपटॉप तसाच ठेवून काकींकडं निघालो. बायको म्हणाली, अंघोळ तरी करा.

काकी स्वयंपाकघरात वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजत होत्या. कोल्हापुरात चैत्रात बातमी सांगायला जाऊ नये, गुरुजी. दारातच मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी.

‘काकी, ते वचन...’ ठसका. ‘ते मी सगळीकडं...’ ठसका. ‘ते बायबलात...’

‘आरं रडतोस कशापायी?’

‘रडत नाही, मिरच्या...’ ठसका. ‘बायबलात नाही ते.’

काकींनी गॅस बंद केला. उलथनं कढईतच राहिलं. धूर खाली बसला.

‘नीट बघितलंस?’

‘सगळं बघितलं.’

‘म्हंजे माझी आई खोटं बोलायची व्हय?’

‘खोटं नाही काकी. बायबलात नाही, एवढंच.’

‘येकच की ते.’

‘एक नाही.’ आणि मग मी जे कधी वर्गातही केलं नाही ते केलं, हातवारे करून व्याख्यान दिलं. मूळ ग्रंथ वेगळा आणि त्यावरचं भाष्य वेगळं. मुळात जे दडलेलं असतं ते भाष्यकार उघडं करून दाखवतो. तुमच्या आईनं नाण्याची गोष्ट वाचली, बापाची गोष्ट वाचली...

‘तिला वाचाय यीत न्हवतं.’

‘मग ऐकली.’

‘ऐकली आसंल. बायबलबाई यायच्या वाचून दावायला. ती चुलीम्होरं बसून ऐकायची.’

‘तर तिनं ऐकली, आणि दोन्हींचं सार एका ओळीत सांगितलं. हे भाष्य आहे, काकी. माझ्या डब्यात मोठमोठ्या पंडितांची भाष्यं आहेत, पण त्या जागी दिवा कुणाला...’

‘येऽ, थांब.’ काकींनी हात वर केला. ‘मला येवढंच सांग. बरोबर हाय का चूक हाय?’

गुरुजी, एवढ्या खिडक्या, एवढे कोश, दोन भाषांची व्याकरणं, आणि प्रश्न हा. तुम्ही माझा हात कोशावरून काढून विचारायचात तोच. मी म्हणालो, ‘बरोबर आहे.’

‘खात्रीनं?’

‘खात्रीनं.’

‘मग येवढं लांबड कशाला लावलंस, मुडद्या? पंधरा दिस माझा जीव टांगणीला.’ आणि त्यांनी गॅस पेटवला. मिरच्या परत धुरावल्या, मी परत खोकलो, आणि या खेपेला त्या तोंडाला पदर लावून हसल्या. वर्षात पहिल्यांदा. मग म्हणाल्या, ‘खाली आकडा न्हाय तर आईचं नाव घालायचं. आकड्यापेक्षा बरं.’

पुढचं सगळं आता आनंदानं सांगता येतं. पाळकसाहेबांकडं गेलो. दफनभूमीची समिती आहे आणि समितीला नियम आहेत. त्यांनी नियमांचा कागद काढला, दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘दगडावर वचन असावं, असं आहे. कुणाचं, ते लिहायचं राहिलंय.’ मी म्हणालो, राहू दे. ते म्हणाले, ‘मीही तेच म्हणतो. काकींना नाही म्हणायला मला वेळ मिळणार नाही.’ मग शाहूपुरीतल्या दगडवाल्याकडं. त्यानं आमच्या दफनभूमीतले निम्मे दगड कोरले आहेत, बायबलातल्या पुस्तकांची नावं त्याला सवयीनं येतात. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.

‘पावणं, आकडं ऱ्हायलं की.’

‘राहिले नाहीत. आकडे नाहीतच याला.’

‘आसं कसं? वचन हाय न्हवं? अध्याय नगं? लोक म्हणतील ह्येनं पैसं घेतलं आन् आकडा खाल्ला.’

‘आकड्याच्या जागी हे कोरा.’ मी दाखवलं. त्यानं ओठ हलवत काकींच्या आईचं नाव वाचलं, मग त्यापुढचं, ‘त्याची आजी.’ मग छिन्नी उचलत म्हणाला, ‘अक्षर जरा मोठं घालतो.’

आज, रविवारी, वर्षस्मरण झालं. दगड बसला. मिरजेचे दीर आले होते. ते दगडासमोर उभे राहिले, वाचलं, बोटानं ओळ धरून पुन्हा वाचलं, आणि काकींना विचारलं, ‘वहिनी, हे कुठलं वचन म्हणायचं?’ काकी म्हणाल्या, ‘माझ्या आईचं. का? काय आडचण हाय?’ दीर भले गृहस्थ आहेत हे मी आधीच लिहिलं आहे. ते म्हणाले, ‘नाही. चांगलं आहे.’ आणि त्यांनीच पुढं होऊन प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत पोराचं नाव घेतलं, घरच्यासारखं. जेवताना काकींनी दोनदा भात घेतला. चर्चच्या दारात चहा पाणचट झाला म्हणून महिला मंडळाच्या सेक्रेटरीला इतक्या मोठ्यानं झापलं की बायकोनं मला कोपरानं ढोसून सांगितलं, ‘आल्या परत.’ शेवटचं गीत त्यांनी पहिल्या कडव्यापासून म्हटलं, बेसूर, आणि सगळ्यांच्या आधी. मला किती सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येत नाही. खोटा अध्याय द्यावा लागला नाही. खरं सांगितलं आणि त्यानं कुणी मोडलं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात असा माझा अनुभव फारसा नाही.

परतताना काकींना रिक्षात बसवून दिलं. बसता बसता त्यांनी माझं मनगट धरलं. ‘पंधरा दिस येवढा हुडकत बसलास माझ्या पोरासाठी. तुझं कोण हाय का आसं, भायेर ऱ्हायलेलं?’ मी म्हणालो, नाही हो, माझं कोण? त्या म्हणाल्या, बरं. रिक्षा गेली.

घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो. ते कुठं धाडायचं नाही हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. बायको दोनदा डोकावून गेली, कुणाला लिहिताय म्हणाली, मी शाळेचं काम म्हणालो, आणि एका अर्थी ते खोटं नाही.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी भेटायला आलो होतो. तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर, पाठीला दोन उशा. गुरुपत्नी मोसंबी सोलत होत्या. तुम्ही माझ्याकडं बघून डोळा बारीक केलात, थट्टेच्या आधी करायचात तसा, आणि म्हणालात, ‘काय रे, तुझ्या ग्रंथात आमची काय सोय आहे? जागा असेल तर आत्ताच सांग, मोसंबी संपवतो.’ गुरुपत्नी तुमच्यावर रागावल्या. मी हसलो आणि म्हणालो, ‘बघून सांगतो, गुरुजी.’ तुम्हीही हसलात. मंगळवारी निरोप आला.

आमच्या मंडळींत हा प्रश्न विचारला तर कोण काय म्हणेल हे मला पाठ आहे. काही जण दिरांसारखं म्हणतील, हळूच. काही जण प्रेमानं विषय बदलतील. टीकाकारांची रांग तर आहेच, बोट टेकलं की सगळे बोलू लागतील. काकींच्या पोरासाठी मी पंधरा दिवस ग्रंथ उलथापालथा केला. तुमच्यासाठी मी एकदाही काही शोधलेलं नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. काकींना खात्रीनं बरोबर आहे म्हणालो तेव्हा ती ओळ मी मनातल्या मनात तुमच्यासाठीही म्हणून पाहिली, आणि तिथं मला खात्रीनं म्हणता आलं नाही. मी ज्या देवावर विश्वास ठेवतो त्याच्याकडं मी जाईन, आणि तिथं तुम्ही नसाल, याची मला भीती वाटते. बघून सांगतो म्हणालो होतो, गुरुजी. बघायचा धीर होत नाही.